काल्पनिक माणसाचे डोळे

धांदरट हा शब्द आमच्या घरात माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून कप पडला तर तो 'निसटला' असतो. माझ्या हातून पडला की मी धांदरट. अलीकडे तर मी खोलीत पाऊल टाकलं की बायको आधी टेबलावरचे कप मागे सरकवते आणि मग विचारते, "आलात का?" मी पाणीपुरवठा खात्यात सगळी हयात काढली. तिथे माझ्या टेबलावर शाई होती, शिक्के होते, प्रसंगी वरिष्ठांचा चहाही असायचा. कधी थेंब सांडला नाही. निवृत्त होऊन बायकोच्या दवाखान्याची व्यवस्था बघायला लागलो आणि माझे हातपाय एकाएकी परके झाले, असं या मंडळींचं म्हणणं. माझं म्हणणं असं की दवाखान्यात मुळात जागाच कमी आहे.

बायको डोळ्यांची डॉक्टर. दवाखाना तळमजल्यावर, आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर एक निवृत्त ऑडिटर. त्यांना फुलझाडांचं वेड. त्यांच्या मजल्यावर ऊन येत नाही म्हणून कुंड्या आमच्या जिन्यात, पायरीगणिक एक. त्या मी मुद्दाम लाथाडतो असा त्यांचा लेखी आक्षेप आहे. लेखी म्हणजे खरंच लेखी. कुंडी फुटली की दारात चिठ्ठी येते, 'पुन्हा एक. कळावे.' मी त्यांना शंभरदा सांगितलं की कुंडी मध्ये येते. ते म्हणतात, "पाणीखाते, कुंडी चालत नाही. तुम्ही चालता."

तर या अशा माणसाच्या हाती बायकोच्या दवाखान्याचं भवितव्य आलं, ते असं.

आरोग्य खात्याचं पत्रक निघालं. नव्या वर्षापासून मोठं इस्पितळ डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी फक्त अशाच दवाखान्यांचे रुग्ण घेणार, ज्यांचं कॉम्प्युटरवर नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर प्रमाणित असेल. ज्यांचं नसेल त्यांच्या रुग्णांनी इस्पितळात जाऊन पहिल्यापासून रांग धरायची. आमचं सॉफ्टवेअर माझ्या भाचीने केलेलं. भाची हुशार, मामीच्या शेजारी महिनोन् महिने स्टूल टाकून बसली आणि मामी कागदावर जे जसं लिहायची ते तसंच पडद्यावर आणलं. उजवा डोळा, डावा डोळा, मध्ये नाक असेल तेवढी जागा. मामी डोळ्याच्या पडद्याचं चित्र रंगीत पेन्सिलींनी काढायची, तर भाचीने तशाच रंगांच्या पेन्सिली कॉम्प्युटरमध्ये आणल्या. प्रमाणपत्राची गरज कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

एक विक्रेता मोठ्या कंपनीचं प्रमाणित सॉफ्टवेअर दाखवायला येऊन गेला. त्या सॉफ्टवेअरने रुग्णाचं वजन विचारलं, उंची विचारली, कंबर विचारली. डोळ्यांना मिळून एकच चौकट होती. बायकोने विचारलं, "कोणता डोळा ते कुठे लिहायचं?" तो म्हणाला, "शेरा या रकान्यात, मॅडम."

तो गेल्यावर ती बराच वेळ एकच भिंग पुसत बसली. मग म्हणाली, "एवढं सगळं भरत बसायचं तर रुग्णाकडे पाठ करून बसावं लागेल. मला ते जमायचं नाही. आपलं पास झालं तर झालं. नाहीतर मी दवाखाना बंद करते."

आमच्या हिला रागावून बोलायची सवय आहे. ते बोलणं मी मनावर घेत नाही. पण हे ती शांतपणे बोलली. बाहेर बाकावर नेहमीची म्हातारी मंडळी बसली होती, कुणाच्या डोळ्यावर पट्टी, कुणाच्या हातात गेल्या खेपेची चिठ्ठी. दवाखाना बंद म्हणजे ही माणसं कुठे जाणार, आणि त्याहून मोठा प्रश्न, ही कुठे जाणार? सकाळी उठून दुसऱ्याच्या डोळ्यात बघितलं नाही तर हिला चहा गोड लागत नाही. मी म्हणालो, "प्रमाणपत्राचं मी बघतो. सरकारी कागद म्हणजे आपल्या हातचा मळ."

ती म्हणाली, "आधी तो पेला जरा आत सरकवा."

मी वळून बघेपर्यंत पेला खाली होता.

दुसऱ्या दिवशी प्रमाणन कार्यालयाला फोन लावला. एक बाई बोलल्या. त्यांनी मला 'हृदय' विभागाकडे दिलं. हृदयाने 'सर्वसाधारण'कडे दिलं. सर्वसाधारणने विचारलं, "अवयव कोणता?" मी म्हणालो, "डोळे." पलीकडे कुजबुज झाली. मग कळलं की डोळे 'दात, डोळे व इतर' या विभागात येतात आणि त्या विभागाचे साहेब दातांचे आहेत. मी स्वतः आयुष्यभर लोकांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलेलं असल्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट आपली विद्या कुणीतरी पुढे चालवतंय याचं समाधानच वाटलं.

कसोट्यांचं बाड आलं. ते वाचून भाचीने डोक्याला हात लावला. म्हणजे, सगळं सर्वसाधारण दवाखान्यासाठी लिहिलेलं, आणि डोळ्यांच्या दवाखान्याने त्यातलं एक अक्षरही गाळायचं नाही. लहान मुलांच्या लसी नोंदवून दाखवा. रुग्ण रोज किती चालतो ते नोंदवा. गरोदर बाईला चालणार नाही असं औषध लिहिलं तर सॉफ्टवेअरने डॉक्टरला अडवलं पाहिजे, ते दाखवा. आणि हे सगळं खऱ्या रुग्णाच्या नोंदी उघडून नाही. त्यासाठी एक 'चाचणी रुग्ण' तयार करायचा. तो संपूर्ण काल्पनिक असावा, कोणत्याही जिवंत व्यक्तीशी त्याचं साम्य नसावं, असं जाड अक्षरात लिहिलेलं.

"चाचणी रुग्ण आपल्याकडे आहे की," भाची म्हणाली. "आधीपासूनच आहे. तुम्हीच तो, मामा."

हे एक सांगायचं राहिलंच. दवाखान्यात नवं यंत्र आलं की ही ते आधी माझ्यावर चालवून बघते. घरचा माणूस, हाकेसरशी हजर, फी मागत नाही. मी यंत्रावर हनुवटी टेकायची, हिने बटणं फिरवायची, यंत्र चालतंय याची खात्री झाली की मी उठून पेपर वाचायला मोकळा. ते आकडे कुठेतरी साठवायला हवेत म्हणून 'चाचणी रुग्ण' या नावाखाली साठवले जात. एकामागून एक यंत्रं आली, तसतसे माझ्या डोळ्यांचे आकडे तिथे जमत गेले. माझं नाव कुठेच नाही.

"पण मी जिवंत आहे," मी म्हणालो.

"कार्यालयाला कुठे माहीत आहे?" भाची म्हणाली.

हा अपमान होता, पण सोयीचा होता.

ऑडिटरसाहेबांना या कामाचा सुगावा लागला आणि ते खाली येऊन बसू लागले. त्यांचं मत असं की परीक्षक आला की त्याला एक छोटी चूक स्वतःच दाखवून द्यावी. "त्याला काहीतरी सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर तो शोधत बसतो. मी आयुष्यभर तेच केलं." कोणती चूक दाखवावी यावर त्यांनी दोन संध्याकाळी घालवल्या. जाताना प्रत्येक कुंडीवर हात ठेवून ती जागच्या जागी आहे याची खात्री करून घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे.

भाचीने गरोदरपणाची कसोटी करून बघितली. चाचणी रुग्ण पुरुष म्हणून नोंदलेला होता. त्याला गरोदर करण्यासाठी आधी स्त्री करावं लागलं. औषध लिहिलं, सॉफ्टवेअरने अडवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याला पुन्हा पुरुष करायचं ती विसरली आणि जेवायला गेली. ती दुपार मी कागदोपत्री गरोदर काढली. संध्याकाळी लसींच्या तक्त्यात माझं वय चुकून तीन महिने पडलं. या वयात माणसाला अजून काय काय व्हावं लागेल याचा नेम नाही. पण बायको हसली. पत्रक आल्यापासून ती पहिल्यांदाच मोकळेपणी हसली, तेव्हा मी आणखी एखादं बाळंतपणही काढायला तयार होतो.

एक कसोटी मात्र भाचीने मनापासून केली. साठवलेल्या नोंदींवरून सॉफ्टवेअरने स्वतःहून धोका ओळखून डॉक्टरला इशारा दिला पाहिजे, अशी ती कसोटी. भाचीने विचारलं, "मामी, तुला सगळ्यात भीती कशाची वाटते?"

"काचबिंदूची," बायको पटकन म्हणाली. "मोतीबिंदूचा माणूस 'दिसत नाही' म्हणत येतो. काचबिंदूचा येतच नाही. डोळ्यातला दाब हळूहळू वाढतो, नजर कडेकडेने खात जातो. समोरचं सगळं स्वच्छ दिसत असतं, त्यामुळे त्याला पत्ताच नसतो. येतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि गेलेली नजर परत येत नाही गं."

मग भाचीने तसं बसवलं. यंत्राचा नवा आकडा आला आणि दाब दर खेपेला चढत गेलेला दिसला की पडद्यावर लाल पट्टी येणार, घंटी वाजणार, 'काचबिंदूचा संशय' असं लिहून येणार, आणि डॉक्टरने 'मान्य' किंवा 'अमान्य' दाबल्याशिवाय पडदा पुढे सरकणार नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक वेळेवर आले, ही माझ्या मते अशुभ खूण. किडकिडीत गृहस्थ, सर्दी झालेली, हातात कसोट्यांचं बाड. मी त्यांच्या स्वागताला लगबगीने पुढे झालो आणि त्यांनी खाली ठेवलेल्या बॅगेत पाय अडकून सरळ त्यांच्या अंगावर गेलो. आम्ही दोघं रुग्णांच्या बाकावर बसलो. जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर.

"यांचं असंच आहे," बायको म्हणाली. "धांदरट आहेत जरा."

परक्या माणसासमोर! आणि ऑडिटरसाहेब, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते कोपऱ्यातून म्हणाले, "जरा?"

मी शर्ट झटकला. माणसाने आपला मान राखायचा तर काही वेळा न ऐकल्यासारखं करावं लागतं. मी ते अलीकडे बरंच करतो.

परीक्षा सुरू झाली. वजन, उंची, लसी, चालणं, सगळं पार पडलं. गरोदरपण निर्विघ्न झालं. ऑडिटरसाहेबांनी मधेच "साहेब, इथे तारखेची एक बारीक चूक आहे बरं का," असं म्हणून पाहिलं. परीक्षकांनी तपासलं, चूक नव्हती, आणि त्यांनी 'उपस्थितांचा हस्तक्षेप' असं काहीतरी लिहून घेतलं. तेव्हापासून ऑडिटरसाहेब तोंडावर रुमाल धरून बसले.

"आता यंत्राची जोडणी," परीक्षक शिंकून म्हणाले. "यंत्राने मोजलेला आकडा हाताने न लिहिता आपोआप नोंदीत गेला पाहिजे. कुणाचा तरी डोळा लागेल. खरा रुग्ण चालणार नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी हनुवटी टेकली. हे यंत्र डोळ्यावर हवेचा झोत सोडतं, फुस्स करून. कितीदा बसलो असेन त्याच्यापुढे, तरी दर वेळी दचकतो. डावा डोळा झाला, उजवा झाला. आकडे आपोआप पडद्यावर गेले. भाचीने श्वास सोडला. परीक्षकांनी खूण करायला पेन उचललं.

आणि घंटी वाजली.

लाल पट्टी. 'काचबिंदूचा संशय.' खाली दोन बटणं.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं. "इशाऱ्याची कसोटी अजून आलेली नाही. ती पुढच्या पानावर आहे."

भाची गडबडली. "सर, आधीचे आकडे आणि आजचा आकडा जोडून त्याने..."

"पण हा रुग्ण काल्पनिक आहे ना?"

"हो."

"मग काल्पनिक माणसाला काचबिंदू कसा होईल?" त्यांनी बाड चाळलं. "निरोगी डोळ्यावर इशारा आला तर तो खोटा इशारा. खोटा इशारा म्हणजे नापास. सॉरी हं. मला तसं लिहावं लागेल."

भाचीचा चेहरा पांढरा पडला. इतके दिवस खपून, बाळंत होऊन, एका घंटीपायी सगळं पाण्यात! मी बायकोकडे बघितलं. ती यंत्राकडे रागाने बघत होती.

"यंत्र बिघडलंय," ती ठामपणे म्हणाली. "यांचे डोळे ठणठणीत आहेत. शेवटची ओळसुद्धा वाचतात तक्त्यावरची."

"वाचतो की," मी म्हणालो, आणि भिंतीकडे न बघता शेवटची ओळ म्हणून दाखवली. त्या दवाखान्यात दिवसभर बसून मला ते तक्ते पाठ झालेत. उलटे म्हणून दाखवायलाही तयार होतो. पण ते ऐकून बायकोने माझ्याकडे चमकून बघितलं.

"यंत्र बिघडलं असेल तर सॉफ्टवेअरचा दोष नाही," भाची घाईघाईने म्हणाली. "सर, यंत्र तपासून बघू? दुसऱ्या कुणाला बसवून?"

परीक्षकांनी पानं उलटली. मनाई कुठे सापडली नाही. मग भाची बसली. आकडा चांगला. ऑडिटरसाहेब रुमाल काढून बसले, फुस्स झाल्यावर "अरे बापरे" म्हणाले. आकडा चांगला. शेवटी परीक्षक स्वतः बसले, कारण त्यांनाही आता उत्सुकता लागली होती. त्यांचाही चांगला. मग मी पुन्हा. माझा आकडा तोच, चढलेला.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगतो. माझ्या लक्षात आलं की इशारा खोटा निघाला तर माझे डोळे शाबूत आणि दवाखाना बंद; इशारा खरा निघाला तर दवाखाना चालू आणि... पुढचं मी मनातही पुरं केलं नाही. सरकारी नोकरीत मी बरेच पेच बघितले, पण अर्जदार आणि अर्ज यांच्यापैकी एकालाच पास करायचं, असा पेच काही बघितला नव्हता.

बायको उठली. तिने पंखा बंद केला, पडदा ओढला. कपाटातून ते जुनं दाब मोजायचं उपकरण काढलं, जे हाताने लावायचं असतं आणि ज्याच्यावर तिचा सगळ्यात जास्त विश्वास आहे. "बसा," ती मला म्हणाली. आवाज घरचा नव्हता. बाकावरच्या रुग्णांशी बोलते तो होता. मला तिने त्या आवाजात कधी हाक मारलेली नव्हती.

डोळा बधिर करायचा थेंब पडला. निळा प्रकाश आला. ती इतकी जवळ आली की तिचा श्वास गालाला लागत होता. एक डोळा. दुसरा डोळा. मग पुन्हा पहिला. मग तिने भिंग बदललं आणि आत, पार मागे बघितलं. बघतच राहिली. इतक्या वर्षांत मी शेकडो लोकांना या खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि समोर ही बसलेली पाहिली, पण इथून तिचा चेहरा कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. कपाळावर एक आठी येते. ती आली आणि गेलीच नाही.

"समोर माझ्या नाकाकडे बघा," ती म्हणाली. "हात कुठे दिसतो ते सांगा." तिने हात बाजूला नेला. दिसला. वर नेला. दिसला. खाली नेला. मी वाट बघत राहिलो.

"ने की खाली," मी म्हणालो.

मग भाची हळूच म्हणाली, "मामा, हात खालीच आहे. केव्हापासून."

मी मान वाकवून बघितलं. हात होता.

आणि मला कप दिसले. सगळे, एकापाठोपाठ एक. पेला. परीक्षकांची बॅग. जिन्यातल्या कुंड्या, पायरीगणिक एक. मी समोर बघून चालत आलो होतो, आणि समोरचं सगळं अगदी स्वच्छ होतं.

बायको कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. लाल पट्टी तशीच होती. तिने पट्टीखालचे जुने आकडे उघडले. प्रत्येक नव्या यंत्राच्या वेळचे. चढत गेलेले. तिने ते स्वतः मोजले होते.

"मी यंत्राकडे बघत होते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. "दर वेळी. यंत्र नीट चालतंय का, एवढंच बघत होते."

तिचा हात माऊसवर होता. हलत नव्हता. परीक्षक खाकरले, "मॅडम, पडदा पुढे जायचा तर..." आणि त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. बरा माणूस होता.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. वाटेत स्टूल होतं, ते या वेळी मान घालून बघितलं आणि वळसा घातला. "दाब की गं 'मान्य'," मी म्हणालो. "दवाखाना वाचतोय तुझा."

"गप्प बसा हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली. माझी बायको, जी लोकांना 'गेलेली नजर परत येत नाही' हे त्यांचा हात धरून सांगते आणि पुढच्या रुग्णाला हाक मारते, ती भर दवाखान्यात, सरकारी माणसासमोर, हमसून रडली. मग डोळे पुसले, चष्मा लावला आणि तिने 'मान्य' दाबलं.

पडदा पुढे सरकला. परीक्षकांनी खूण केली. मग ते थोडा वेळ बाडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चाचणी रुग्णाचं जिवंत व्यक्तीशी साम्य नसावं, असा नियम आहे. मला काही साम्य दिसलं नाही." आणि नाक शिंकरत बॅग उचलून गेले.

प्रमाणपत्र आलं. भिंतीवर आहे. आमचं सॉफ्टवेअर 'दात, डोळे व इतर' विभागात उत्तीर्ण. भाचीला आता दुसऱ्या दवाखान्यांतून बोलावणी येतात. ती सगळ्यांना हीच गोष्ट सांगते, फक्त त्यात माझं गरोदरपण जास्त रंगवून सांगते.

माझं म्हणाल तर गेलं ते गेलं. खालच्या बाजूचा एक तुकडा आता माझ्या मालकीचा नाही. राहिलं आहे ते थेंबांवर टिकेल असं ही म्हणते, आणि या बाबतीत तिच्याशी वाद घालण्याइतका मी शहाणा नाही. पहिले काही दिवस घाबरलो, उगाच कशाला लपवू? पहाटे जाग आली की आधी पायांकडे बघायचो, आहेत की नाहीत. मग एक दिवस लक्षात आलं की मी धांदरट नव्हतो. कधीच नव्हतो! ही गोष्ट मी सगळ्यांना एकेकट्याला गाठून सांगितली. त्यांनी माफी मागितली. भाचीने तर दोनदा. मला इतका मान उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

ऑडिटरसाहेब माफी मागायला आले नाहीत. एका सकाळी जिन्यात खुडबुड ऐकू आली म्हणून बघितलं, तर ते गुडघ्यावर बसून प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा रंग लावत होते. कुंड्या सगळ्या वर गेल्या होत्या, त्यांच्या बिनउन्हाच्या मजल्यावर. मी म्हणालो, "अहो, झाडं मरतील."

"मरू देत," ते मान वर न करता म्हणाले. "रंग ओला आहे. संध्याकाळपर्यंत उतरू नका."

एक गोष्ट मात्र सुटली नाही. माझ्या नोंदी 'चाचणी रुग्ण' या नावावर आहेत. भाचीने ते बदलून माझं नाव घालायला घेतलं, तर कळलं की प्रमाणित सॉफ्टवेअरमधल्या रुग्णाची ओळख बदलायची तर नवा अर्ज लागतो, नवी परीक्षा लागते. मी कार्यालयाला फोन केला. त्यांनी हृदयाकडे दिला. मी खाली ठेवला. तेव्हा आता दर तपासणीला मी बाकावर इतरांबरोबर बसतो, आणि माझी पाळी आली की आतून आवाज येतो, "चाचणी रुग्ण, आत या." नवी माणसं माझ्याकडे दयेने बघतात. त्यांना वाटतं माझ्यावर प्रयोग चाललेत.

थेंब रात्री झोपण्यापूर्वी असतो. मी स्वतः घालू शकतो, मला येतं, पण ही घालू देत नाही. "वर बघा," म्हणते. थेंब पडतो. "मिटा." मग ती माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यावर, नाकाजवळ, बोट दाबून धरते. तसं धरलं की औषध घशात न उतरता डोळ्यातच राहतं, असं शास्त्र आहे. मिनिट-दोन मिनिटं पुरतं म्हणे. रुग्णांना ती तेवढंच सांगते, मी ऐकलंय.

माझ्या वेळी ती बोट काढायचं विसरते. मीही आठवण करून देत नाही.